झेंडोबाची बदली

माझ्या संसाराचं पहिलं धुणं मी नदीवर नेलं, त्या दिवशी माझ्यावर बंदूक रोखली गेली. बंदूक म्हणजे खरं तर काठी होती, पण ती खांद्याला लावून धरायची पद्धत इतकी अस्सल होती की माझ्या हातातली बादली सुटली आणि दगडांवरून गडगडत पाण्यात गेली. "हुकुमदार," काठीमागून आवाज आला. मला वाटलं, हा गृहस्थ आपलं नाव सांगतोय. म्हणून मीही घाबरत माझं नाव सांगितलं, नव्या मास्तरांची बायको आहे म्हणाले, पुण्याहून कालच आलेय म्हणाले. तेवढ्यावर काठी खाली आली. "मंग धुनं खाली, लाल निशानाला. हितं पांढरं हाय. दिसत न्हाई का?"

पुढं कळलं की पहाऱ्यावरचा शिपाई येणाऱ्याला 'कोण आहे तिकडे' असं इंग्रजीत विचारतो, त्याचं पलटणीतल्या आपल्या लोकांनी हुकुमदार करून टाकलं होतं. आणि हेही कळलं की ही काठीवाली व्यक्ती म्हणजे आमचे घरमालक. आदल्या संध्याकाळी आम्ही सामान घेऊन पोचलो तेव्हा ते नदीवरच होते, त्यामुळे आमची गाठ पडली नव्हती.

गाव कार्ल्याच्या खाली आणि इंदुरीच्या वर, इंद्रायणीला लागून. तिथल्या शाळेवर माझ्या यजमानांची नेमणूक झाली होती आणि हवालदारांनी आपल्या घराच्या बाजूच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या होत्या. सगळं गाव त्यांना हवालदार म्हणे, पोरंसोरं आबा म्हणत. पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे जाऊन आलेले, आता पेन्शनीत निघालेले. अंगानं काटक, मिशा भरघोस, उंची मात्र बेताची, त्यामुळे त्यांचा लष्करी कोट गुडघ्यांशी गप्पा मारायचा. हा कोट ते वैशाखातही घालत. उकडत नाही का, असं मी एकदा विचारलं. "ड्युटीवर उकडत न्हाई, मास्तरीनबाई. घरी ग्येलं की उकडतंय." आणि खरोखरच घरी आले की ते उघडे बसून विंझण्यानं वारा घेत आणि उकाड्याला शिव्या देत.

ही ड्युटी त्यांना कुणी दिली नव्हती. पलटणीचा मुक्काम नदीकाठी पडला की साहेब लोक पहिल्यांदा निशाणं लावून घेत. सगळ्यात वर पांढरं, तिथं माणसांनी पिण्याचं पाणी भरायचं. त्याच्या खाली निळं, तिथं जनावरं पाजायची. सगळ्यात खाली लाल, तिथं अंघोळी आणि धुणी. हवालदारांनी पेन्शन घेऊन गावात पाऊल टाकलं आणि चारच दिवसांत आमच्या नदीला तसली निशाणं लावली. पांढरं त्यांच्या धोतराचं, निळं आणि लाल त्यांच्या बायकोच्या लुगड्यांचं.

पण साहेबाची निशाणं साहेबाच्या डोक्यातून आलेली, आणि गाव मावळातलं. लाल म्हणजे देवाचं, शुभाचं. पांढरं म्हणजे धुतलेल्या कपड्याचं. गावानं आपलं डोकं चालवलं आणि मोठ्या भक्तिभावानं लाल निशाणाखालून प्यायचं पाणी भरायला सुरुवात केली, आणि धुणी आपटायला बायका पांढऱ्या निशाणाशी जाऊन बसल्या. हवालदार सकाळी गस्तीला गेले तर सगळी पलटण उलटी उभी. ते घरोघर समजावत हिंडले. एक म्हातारी त्यांना म्हणाली, "आरं, लाल निशानाखाली धुनं धुऊन मी पाप कुटं फेडू?" ते पाप त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं, तेव्हा कुठं गाव सरळ झालं.

त्यांच्या पत्नीला मी मावशी म्हणायची. मावशींचं कपाळ मोठं, कुंकू त्याहून मोठं आणि जीभ दोन्हींपेक्षा मोठी. नवऱ्याची त्यांनी कधी गय केली नाही. "ह्यांची पलटन म्हंजी म्या येकली," त्या सांगायच्या. "सकाळी फालीन, दुपारी फालीन. भाकरी थापता थापता किती येळा फालीन हुयाचं बाईनं?" फालीन म्हणजे कवायतीला रांगेत उभं राहणं. नदीवरच्या निशाणांना त्या लंगोट म्हणत. तरी वादळात निशाण फाटलं की नवं फडकं शिवून देत त्याच, आणि तेही चारी बाजूंनी दुमडून, पक्की शिलाई घालून.

रोज सकाळी हवालदार नदीची तपासणी करत. नदीला ते पलटणीतल्या हिंदुस्थानीत दर्या म्हणत. वरपासून खालपर्यंत काठानं जायचं, ओंजळीत पाणी घेऊन हुंगायचं, उथळ जागचा एखादा दगड उलटा करून खालचे किडे आहेत की नाहीत ते बघायचं, दगड परत होता तसा ठेवायचा. काठावरच्या बारक्या माशांकडं ते असे रोखून बघत की मासेसुद्धा रांगेत उभे राहत असतील. मग चावडीपुढं थांबून खड्या आवाजात वर्दी द्यायचे, "दर्या फिट हाय." ऐकायला बहुधा एखादं कुत्रं आणि चावडीचा रामोशी एवढेच असत. एखाद्या दिवशी वर्दी यायची, "दर्या शिक हाय," आणि त्या दिवशी गावात कुणाची तरी खैर नसे.

एकदा अशीच नदी आजारी निघाली. डोहातले मासे पोट वर करून तरंगत होते. हवालदारांनी कोट काढला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं, आणि डोहात बुड्या मारून अंबाडीचे भारे बाहेर ओढले. दोरखंडासाठी अंबाडी पाण्यात कुजवतात, आणि कुजताना ती सगळ्या डोहाचा श्वास कोंडते. ते सडके भारे त्यांनी खांद्यावर घेतले, गावातून मिरवत नेले आणि मालकाच्या ओट्यावर नेऊन ठेवले. त्या घरच्या बाईनं त्यांचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला. त्यांनी तो ताठ उभं राहून ऐकून घेतला. दुसऱ्या दिवशी मात्र नदीपासून लांब, ओढ्याच्या कडेला, हा माणूस एकटाच कुदळीनं खड्डा खणत होता, गावाच्या अंबाडीसाठी. पुढं सगळे तिथंच अंबाडी कुजवू लागले. तो खड्डा खणला कुणी, हे विसरायला गावाला फार वेळ लागला नाही.

काठावरची करंजं आणि उंबरं सरपणासाठी तुटायची. काठ उघडा पडला की पावसाळ्यात माती नदीत जाते आणि डोह भरतो, हे त्यांनी लोकांना सांगून पाहिलं. कुणी ऐकेना, तेव्हा त्यांनी झाडांनाच भरती करून घेतलं. पलटणीत पायाला गुंडाळतात तशा खाकी पट्ट्या त्यांनी बुंध्यांना गुंडाळल्या आणि गावाला बजावलं की पट्टी बांधलेलं झाड सरकारी शिपाई आहे. हे साफ खोटं होतं. पण पट्टी बांधलेल्या झाडावर कोयता उचलायला हात धजेना, हेही तितकंच खरं. मावशी म्हणायच्या, "झाडाच्या पोटऱ्या झाकल्या, आता माज्या झाकायला लुगडं ठिवा म्हंजी झालं."

त्यांचं सगळंच बरोबर असे असंही नाही. नदीकाठी शीळ घातली की पाणी आटतं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. माझ्या यजमानांना शीळ घालायची भारी हौस. तीन वर्षं त्यांनी ती हौस लोणावळ्याच्या स्टेशनवर जाऊन भागवली. साबण हे इंग्रजांचं कारस्थान आहे असंही हवालदारांचं मत होतं, आणि इंग्रजांच्या पेन्शनीवर जगत असताना ते मत मांडायला त्यांना काडीचा संकोच वाटत नसे.

हे सगळं कशापायी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही तिघं ओसरीवर वाल सोलत बसलो होतो, माझी मुलगी तेव्हा रांगत होती. ती वालाचा दाणा तोंडात घालायला गेली, हवालदारांनी तो तिच्या बोटांतून अलगद काढून घेतला आणि बोलायला लागले. "तिकडं बसऱ्याकडं लय मोटा दर्या हाय. तुर्काची पलटन वर हुती, आमी खाली. वर घोडी मेली, उंटं मेली, मानसंबी मेली. समदी पान्यात. आमाला म्हाईत हुतं. पर उन असं की डोळं फुटत्यात. पानी दिसतंय तर न पिऊन मानूस काय करल? माज्या गावची, माज्या बराकीतली पोरं. गोळी न्हाई लागली कुनाला. पानी पिऊन ग्येली." मग ते पुन्हा वाल सोलू लागले. मावशींनी त्यांच्या पुढचं भरत आलेलं सूप उचललं आणि रिकामं करून आणून ठेवलं.

पांढऱ्या निशाणाच्या बाबतीत त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती, आणि ती गावाला अंबाडीपेक्षा जड गेली होती. गावकुसाबाहेरच्या वस्तीला पाणी भरायची जागा तेव्हा सगळ्यांच्या खाली, जनावरांच्याही खाली असे. हवालदार म्हणाले, निशाण कामाला आहे, माणसाला नाही. प्यायचं पाणी पांढऱ्यालाच भरायचं, कुणीही. गावात कुजबुज झाली. पण पांढऱ्याचा टप्पा लांब होता, मधे एक मोठा खडक होता. खडकाच्या अलीकडं गावातल्या बायका भरत, पलीकडं वस्तीतल्या, आणि दोन्हीकडच्या जणी एकमेकींना दिसत नाहीत असं दाखवत. एवढ्या पडद्यावर काही वर्षं निभावलं.

मग हवालदारांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि ते पुण्याला शस्त्रक्रियेसाठी गेले. मावशी बरोबर गेल्या. जाताना त्यांनी मला चार्ज दिला, म्हणजे काठी दिली. ती मी दाराआड ठेवून दिली. मला काय कुणाला हुकुमदार म्हणता येणार होतं.

ते नसताना पाटलांच्या घरी त्यांच्या लेकीचं पोर हगवणीनं अगदी सुकून गेलं. पाटलांची आई रोज पांढऱ्या निशाणाचं पाणी उकळून त्याला पाजत होती. पोर बरं झालं. म्हातारीनं कृतज्ञतेनं निशाणाच्या बुडाशी, काठीला आधार म्हणून रचलेल्या दगडांतल्या एका गोल दगडाला शेंदूर फासला आणि नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी दोन नारळ फुटले. आठवडाभरात त्या दगडाला डोळे आले, झेंडोबा हे नाव आलं, आणि पांढरं फडकं देवाला शोभत नाही म्हणून कुणीतरी ते काढून वर लाल निशाण चढवलं.

हवालदार परतले ते त्या डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. उन्हात जायचं नाही, धूळ लागू द्यायची नाही, असा डॉक्टरांचा सक्त हुकूम होता. ओसरीवर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याकडून नदीची वर्दी घेत. प्यायच्या पाण्यावर लाल निशाण लागलंय हे ऐकून ते आधी भडकले. पण मग एकेक बातमी येऊ लागली. आता तिथं कुणी थुंकत नाही. चपला घालून कुणी जात नाही. गुरं वर चढली तर पोरं स्वतःहून हाकलतात. हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला. "द्येव माज्यापरीस कडक हवालदार निघाला," ते म्हणाले, आणि त्यांना ते आवडलं होतं, हे मी पाहिलं. इतकी वर्षं ओरडून जे जमलं नाही ते एका दगडानं न बोलता केलं होतं.

वस्तीतली सखू आमच्याकडं सरपण आणून टाकी. माझ्या मुलीएवढाच तिचा मुलगा होता आणि दोघांचे दात एकाच महिन्यात आले म्हणून आमची ओळख वाढली होती. एक दिवस मोळी टाकून ती टेकली, तेव्हा हवालदारांनी तिलाही विचारलं, "सखू, वरचं पानी कसं हाय?"

"आमाला काय म्हाईत, आबा," ती म्हणाली. "खडकाच्या अंगानं काट्या लावल्यात. द्येवाच्या पान्याला आमचा इटाळ नको म्हनत्यात. आमी आता बैलांच्या खाली भरतो."

"कवाधरनं?"

"तुमी डोळं कापाया गेलता तवापासनं."

ती गेल्यावर जेवायला हाक मारली तरी हवालदार उठले नाहीत. मावशींनी ताट आणून पुढं ठेवलं तेव्हा ते म्हणाले, "म्या लावलेलं निशान हाय त्ये." मावशींना काट्यांचं आधीच ठाऊक होतं. त्यांनी नवऱ्याच्या डोळ्याच्या काळजीपायी ते दडवून ठेवलं होतं.

चैत्र लागला होता. नदीची धार अगदी बारीक होऊन डोहाडोहांत तुटली होती, आणि खालच्या गावांत पटकी सुरू झाल्याच्या बातम्या येत होत्या. पटकी म्हणजे सकाळी चालतंबोलतं माणूस आणि संध्याकाळी तिरडी. मी पाणी उकळून मुलीला पाजत होते आणि दर तासाला तिच्या पोटाला हात लावून बघत होते. अशात गावानं ठरवलं की पौर्णिमेला झेंडोबाची जत्रा भरवायची. पटकीवर उतारा म्हणून देवाला बकरी कापायची, आणि तीही अर्थातच देवापुढं, म्हणजे बरोबर प्यायच्या पाण्याच्या काठावर.

जत्रेच्या दिवशी दुपारी हवालदारांनी कोट चढवला, छातीला बिल्ला लावला आणि माझ्याकडं काठी मागितली. मावशी दारात आडव्या झाल्या. डॉक्टरांनी काय सांगितलंय, डोळा जाईल, म्हणाल्या. "ग्येला तर येक जाईल," असं म्हणून ते हिरव्या पट्टीनिशी उन्हात उतरले. मावशी पाठोपाठ, आणि मुलीला कडेवर घेऊन मी मावशींपाठोपाठ. मला घरी बसवेना.

नदीकाठी गाव लोटलं होतं. ढोलताशे वाजत होते, धुरळा उडत होता, पत्रावळी आधीच पाण्यात तरंगत होत्या, बकऱ्यांच्या गळ्यात माळा पडल्या होत्या. हवालदार गर्दीतून सरळ शेंदरी दगडापुढं गेले, टाचा जुळवल्या आणि खाडकन सलाम ठोकला. वाजंत्री गोंधळून थांबली.

"झेंडोबा," ते म्हणाले, "तुमी ड्युटी चांगली क्येली. आता हितली ड्युटी खतम. तुमची बदली झाली."

मग पाटील पुढं आले. "हवालदार, द्येवाची चेष्टा करताय व्हय?"

"चेष्टा कशाची, पाटील? म्याच त्यास्नी भरती क्येलं, म्याच बदली करनार. हितं बकरं पडलं तर रगत पान्यात जानार. खाली पटकी हाय. उद्या समदं गाव शिक हुईल."

"गावाचं गाव बघंल. तुमी बाजूला व्हा."

हवालदार बाजूला झाले नाहीत. कुणीतरी त्यांच्या हातातली काठी ओढली. दुसऱ्यानं खांद्याला धक्का दिला, ते गुडघ्यावर आले, हिरवी पट्टी सुटून पडली आणि सगळा धुरळा त्या नुकत्याच कापलेल्या डोळ्यात गेला. तरी त्यांनी दोन्ही हात त्या दगडाभोवती धरून ठेवले होते. कडेवरची मुलगी माझ्या तोंडाकडं बघून रडायला लागली. आणखी कुणी हात उचलला असता तर काय झालं असतं, देव जाणे.

तेवढ्यात मावशी पुढं गेल्या. नवऱ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दगडापुढं बसल्या, स्वतःच्या कपाळावरचं कुंकू बोटानं काढून त्याला लावलं, आणि घरातल्या पाहुण्याशी बोलावं तशा आवाजात बोलल्या. "द्येवा, ह्यो मानूस येडा हाय, तुमास्नीबी म्हाईत हाय. त्याचं मनाव घिऊ नगा. पर हितं तुमी उनात बसलाय. माळावर वडाची सावली हाय. तितं तुमास्नी निवांत वाटंल. चला, मी न्हेते." आणि त्यांनी पदर पसरून तो दगड आत घेतला.

कुंकवाची बाई पदरात देव घेऊन उभी राहिली, तिला हात लावायची कुणाची छाती होणार. दगड जड होता, मावशी डगमगल्या. तेव्हा गर्दीतून एक म्हातारी लगबगीनं आली आणि तिनं खालून आधार दिला. ती पाटलांची आई होती. ज्या देवाला तिनं शेंदूर लावला तो पडू द्यायला ती तयार नव्हती. पाटलांनी आई म्हणून हाक मारली. "तू गप," म्हातारी म्हणाली. "सावलीचं बरं म्हनतीया ती." देव चालायला लागला म्हटल्यावर वाजंत्र्यांनी ढोल धरला, बकरी माळाकडं वळली, आणि सगळी जत्रा गुलाल उधळत नदीपासून दूर निघून गेली. झेंडोबाची जत्रा त्यानंतर माळावरच भरत राहिली.

नदीवर आम्ही दोघंच उरलो. हवालदारांनी आपलं उपरणं काढलं, चाचपडत लाल फडकं सोडलं आणि ते पांढरं उपरणं निशाणाच्या काठीला बांधलं. मग खडकाच्या अंगाच्या काट्या एकेक करून उपसून काढल्या. एक डोळा मिटूनच होता. त्या डोळ्यानं त्यांना पुढं कधीच दिसलं नाही. त्याबद्दल मी काही बोलायला गेले की म्हणत, एक डोळा मिटूनच बंदूक धरतात, आपला तो त्रास वाचला.

त्या उन्हाळ्यात पटकीनं खोऱ्यातली पुष्कळ घरं उद्ध्वस्त केली. आमच्या गावातही ती एका पाहुण्याबरोबर आली, पण पसरली नाही. पाळणे हलत राहिले, सखूच्या घरचा आणि माझाही. लोक म्हणाले, झेंडोबानं राखलं. म्हणोत. मला माझी लेक कुणी राखली ते पक्कं ठाऊक आहे, आणि आज हे लिहिताना त्या दोघांपुढं मनानं वाकल्याशिवाय माझ्यानं पुढचं अक्षर लिहवत नाही.

पण जत्रेच्या दुसऱ्या दिवशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या सकाळी पांढऱ्या निशाणाशी कुणीही पाणी भरायला आलं नाही. गावातल्या बायका घागरी घेऊन लांब दरडीवर उभ्या होत्या, कारण काट्या निघाल्या होत्या आणि आता कोण काय करतं ते बघायचं होतं. हवालदार निशाणाशी उभे होते. काठी जत्रेत मोडली होती, त्यामुळे दोन्ही हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. पाणी राखता येतं, पण ते प्यायला लावायचा हुकूम कोण देणार. ऊन चढत चाललं होतं.

सखू वस्तीतल्या दोघीतिघींबरोबर आली. तिनं खडकाच्या पलीकडं घागर भरली, मग तांब्या भरला, आणि तो घेऊन खडकाला वळसा घालून सगळ्यांच्या देखत अलीकडं आली. माझ्या आठवणीत तोवर तिथं तसं कुणी आलं नव्हतं. "आबा," ती म्हणाली, "सकाळधरनं उबं हायसा. भवळ यील. वाईच पानी घ्या."

इतकी वर्षं तो माणूस गावाच्या पाण्यावर पहारा करत होता आणि त्याला कधी कुणी पाणी विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. हवालदारांनी दरडीकडं पाहिलं नाही. तांब्या घेतला, मान वर केली, आणि सगळा तांब्या संपवला. पाणी मिशांवरून कोटावर ओघळलं. मग तांब्या पुढं करून म्हणाले, "आजून दे."

"मला न्हाई व्हय?" मागून मावशींचा आवाज आला. त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. सखू हसली, आणि त्यांच्या हातातही तिनं भरलेला तांब्या दिला. दरडीवरून कुणीतरी काहीतरी बोललं. मावशी पाणी पीत होत्या, म्हणून त्यांना उत्तर देता आलं नाही, हे बोलणाऱ्या बाईचं नशीब.

माझी मुलगी माझ्या कडेवरून वाकून तांब्याकडं हात करत होती. सखूनं तांब्या पुन्हा भरला आणि माझ्याकडं बघून थांबली. "बाई, पाजू?"

"पाज," मी म्हणाले.

मुलगी दोन्ही हातांनी तांब्याची कड धरून घटाघटा प्याली. तिचं झाल्यावर तांब्यात थोडं पाणी उरलं होतं. ते मी प्याले.